वडिलांचं घर विकताना: कॅपिटल गेनचा हिशोब खरेदीखताच्या आधी

घर विकून झालं, पैसे खात्यात आले, वाटण्या झाल्या, आणि मग जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कुणीतरी सी.ए.कडे जाऊन विचारतं, "यावर टॅक्स किती बसेल हो?" बहुतेक घरांत हे असंच चालतं. तोवर करण्यासारखं निम्मं करून झालेलं असतं किंवा हातातून गेलेलं असतं. कॅपिटल गेन, म्हणजे भांडवली नफ्यावरचा कर, किती बसणार हे विक्रीच्या रकमेपेक्षा कागद कुणाच्या नावावर आहेत, कोणत्या तारखेला काय केलं आणि पैसे कुणाच्या खात्यात गेले यावर जास्त ठरतं. म्हणून हा लेख कामांच्या क्रमाने लिहिला आहे. खरेदीखतावर सही होण्यापूर्वीचा भाग मुद्दाम मोठा ठेवला आहे.

एक खुलासा आधीच. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. घर विकून घर घेण्याच्या सवलतीचं जुनं कलम ५४ आता ८२ आहे, रोख्यांच्या सवलतीचं ५४ईसी आता ८५ आहे. पण सी.ए., बँका आणि दलाल अजून जुनेच आकडे बोलतात, म्हणून इथेही तेच वापरतो. खालचं उदाहरण २०२५-२६ मधल्या विक्रीचं आहे, त्याला जुनाच कायदा लागू होतो.

आधी हे बघा: कर लागतो का?

"गावचं घर आहे, त्याला कसला टॅक्स?" हा समज फार पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. ग्रामीण भागातली शेतजमीन भांडवली मालमत्ता धरली जात नाही, म्हणून तिच्या विक्रीवर हा कर नाही. ही सवलत शेतजमिनीला आहे. गावठाणातलं घर, परडं, वाड्यातला हिस्सा यांना ती लागू नाही. एकाच व्यवहारात शेत आणि घर दोन्ही जात असेल तर दोन्हींच्या किमती दस्तात वेगळ्या लिहून घ्या.

घर वारशाने मिळालं तेव्हा कर लागत नाही. तो विकताना लागतो. आणि वारसाने घर किती काळ जवळ ठेवलं हे मोजताना वडिलांचा काळही धरला जातो. वडिलांनी १९८६ साली बांधलं, ते २०२४ मध्ये वारले, तुम्ही २०२५ मध्ये विकलं, तरी तो दीर्घकालीन नफाच. चोवीस महिन्यांची अट केव्हाच पूर्ण झालेली असते.

घर नेमकं कुणाचं आहे?

सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक, सातबारा किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ काढा. अजून वडिलांचंच नाव असेल तर आधी वारस नोंद करा. घरपट्टी कुणाच्या नावाने येते यावरून मालकी ठरत नाही, हे थोरल्या भावांना समजावणं कधीकधी अवघड जातं.

वडिलांनी स्वकमाईने बांधलेलं घर मृत्युपत्राविना मागे राहिलं, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आई, मुलगे आणि मुली यांना समान हिस्से मिळतात. वडिलांची आई हयात असेल तर तिलाही. हे हिस्से ज्याचे त्याचे वैयक्तिक असतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ सालीच स्पष्ट केलं आहे की असं घर आपोआप एकत्र कुटुंबाचं, म्हणजे एचयूएफचं, होत नाही. आजोबा-पणजोबांपासून चालत आलेल्या आणि कधीच वाटणी न झालेल्या वाड्याची गोष्ट वेगळी. तिथे वकील आणि सी.ए. दोघांना एकत्र बसवा.

करासाठी याचा अर्थ असा की प्रत्येक वारस आपापल्या हिश्श्यावर स्वतंत्र कर भरतो आणि प्रत्येकाला सवलतीही स्वतंत्र मिळतात. म्हणूनच विक्रीच्या तोंडावर "सोपं पडेल" म्हणून ताईकडून हक्कसोडपत्र घेण्याची जी रीत आहे, ती माझ्या मते कराच्या दृष्टीनेही आतबट्ट्याची आहे. ताईने मोबदला न घेता हक्क सोडला तर तिला कर नाही हे खरं. पण तिचा हिस्सा दादाच्या डोक्यावर येतो, त्याचा सगळा कर दादा भरतो, आणि ताईला स्वतंत्रपणे मिळू शकणाऱ्या सवलती वाया जातात. पुढे दादाने तिला प्रेमाने पैसे दिले तरी भरलेला कर परत येत नाही. आणि हक्कसोडपत्रातच मोबदला लिहिला असेल तर ती ताईच्या बाजूने विक्री ठरते, तिला कर लागतो. ताईला पैसे द्यायचेच असतील तर तिला सरळ विक्रेती म्हणून दस्तावर सही करू द्या.

गोव्यातल्या वाचकांसाठी एक वेगळी बाब. पोर्तुगीज नागरी संहितेची पतिपत्नीची सामायिक मालमत्तेची पद्धत ज्यांना लागू आहे, त्यांचं पगाराव्यतिरिक्तचं उत्पन्न कलम ५ए नुसार दोघांत निम्मं-निम्मं विभागलं जातं. भांडवली नफाही त्यात येतो. तुमचा सी.ए. गोव्याबाहेरचा असेल तर ही गोष्ट त्याला आठवणीने सांगा.

२००१ ची किंमत आणि जुन्या पावत्या

घर १ एप्रिल २००१ पूर्वीचं असेल तर वडिलांनी तेव्हा सिमेंट-विटांवर किती खर्च केला ते शोधत बसायची गरज नाही. १ एप्रिल २००१ रोजीचा बाजारभाव हाच मूळ खर्च म्हणून धरता येतो. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांकनकार, ज्याला सगळे व्हॅल्युअर म्हणतात, त्याच्याकडून अहवाल घ्या. त्याची फी कराच्या मानाने किरकोळ असते. मात्र या किमतीला वरची मर्यादा आहे: त्या तारखेचा मुद्रांक शुल्काचा दर, म्हणजे २००१ चं रेडीरेकनर मूल्य, उपलब्ध असेल तर त्यापेक्षा जास्त धरता येत नाही. "साहेब, थोडी वाढवून लिहा" असं व्हॅल्युअरला सांगण्यात त्यामुळे अर्थ उरलेला नाही.

२००१ नंतर वरचा मजला चढवला, स्लॅब टाकला, असा भांडवली खर्च असेल तर तोही धरला जातो. पण त्याचे पुरावे हवेत: ठेकेदाराची बिलं, नगरपालिकेची बांधकाम परवानगी, बँकेतून गेलेले चेक. रंगकाम, किरकोळ डागडुजी, घरपट्टी, सोसायटीचा मेंटेनन्स यातलं काही चालत नाही. विक्रीसाठीची दलाली आणि दस्तासाठी वकिलाला दिलेली फी मात्र विक्रीच्या रकमेतून वजा होते. दलालाला रोख देऊन मोकळं होऊ नका. चेकने द्या आणि पावती घ्या.

आता आकडे

२३ जुलै २०२४ पासून दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के दर आहे, पण महागाईचा फायदा देणारं इंडेक्सेशन गेलं. त्यावर ओरड झाली, आणि मग त्या तारखेपूर्वी मिळवलेल्या जमीन आणि घरासाठी निवासी व्यक्तींना आणि एचयूएफला एक पर्याय मिळाला: जुन्या पद्धतीने, इंडेक्सेशन धरून २० टक्क्यांनी कर कमी येत असेल तर तेवढाच भरायचा. त्यामुळे हिशोब दोन्ही पद्धतींनी करावाच लागतो.

सांगलीतलं एक घर घेऊ. वडिलांनी १९८६ मध्ये बांधलं. २००१ ची किंमत १२ लाख. २०१२-१३ मध्ये ३ लाख खर्चून वर दोन खोल्या काढल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये ८४ लाखांना विकलं, दलाली ८४ हजार. म्हणजे निव्वळ ८३ लाख १६ हजार. वारस तिघे: आई, दादा, ताई.

पहिली पद्धत, इंडेक्सेशनशिवाय. ८३,१६,००० मधून १२ लाख आणि ३ लाख वजा केले की नफा ६८,१६,०००. त्यावर १२.५ टक्के म्हणजे ८,५२,०००.

दुसरी पद्धत, इंडेक्सेशनसह. महागाई निर्देशांक २००१-०२ साठी १००, २०१२-१३ साठी २०० आणि २०२५-२६ साठी ३७६ आहे. १२ लाखांचे होतात ४५,१२,०००. ३ लाखांचे होतात ५,६४,०००. एकूण ५०,७६,०००. नफा उरतो ३२,४०,०००. त्यावर २० टक्के म्हणजे ६,४८,०००.

इथे जुनी पद्धत दोन लाख चार हजारांनी स्वस्त पडली. पण याच घराची २००१ ची किंमत १२ ऐवजी ६ लाख असती तर? मग १२.५ टक्क्यांनी ९,२७,००० आणि २० टक्क्यांनी १०,९९,२००, म्हणजे पारडं नव्या पद्धतीकडे झुकतं. ज्या भागात किमती भडकल्या तिथे नवी पद्धत बरी, जिथे वाढ संथ होती तिथे जुनी, असा ढोबळ अंदाज बांधता येतो. या सगळ्या रकमांवर ४ टक्के उपकर वेगळा.

वारसा असेल तर निर्देशांक वडिलांच्या काळापासून धरायचा की तुम्हाला घर मिळालं त्या वर्षापासून, यावर पूर्वी वाद होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये करदात्याच्या बाजूने, आधीच्या मालकाच्या काळापासून धरावा असा निर्णय दिला. कुणी वडिलांच्या मृत्यूच्या वर्षाचा निर्देशांक लावून हिशोब देत असेल तर त्याला हे विचारा. फरक लाखांत पडतो.

आता आईचा हिस्सा बघा. इंडेक्सेशनने तिच्या वाट्याला १०,८०,००० नफा येतो. तिला दुसरं काहीच उत्पन्न नसेल, तर नव्या करप्रणालीतली ४ लाखांची मूळ करमुक्त मर्यादा या नफ्यातून वजा होते. ६,८०,००० वर २० टक्के म्हणजे १,३६,०००, एरवी तिला २,१६,००० पडले असते. कौटुंबिक निवृत्तीवेतन किंवा ठेवींचं व्याज असेल तर मर्यादेचा तेवढा भाग आधी त्यात जातो. पण १२ लाखांपर्यंत कर नाही असं जे ऐकतो, ती रिबेट, म्हणजे करातली सूट, या नफ्याला मिळत नाही. ८०सी सारख्या वजावटीही नाहीत. या दोन गोष्टींवरून दरवर्षी कितीतरी जण गाफील राहतात.

साठेखत, म्हणजे विक्रीचा आधीचा करार, करताना

दस्तातली किंमत आणि रेडीरेकनरची किंमत आधी ताडून बघा. रेडीरेकनर दस्ताच्या रकमेपेक्षा १० टक्क्यांहून जास्त असेल तर आयकर खातं रेडीरेकनरचीच किंमत विक्रीची रक्कम म्हणून धरतं. आपल्या ८४ लाखांच्या घराला ही सीमा ९२ लाख ४० हजार. रेडीरेकनर ९५ लाख निघाला तर न मिळालेल्या ११ लाखांवरही तुम्हाला कर पडेल, आणि घेणाऱ्याच्याही उत्पन्नात ती रक्कम धरली जाईल. घर पडकं आहे, भाडेकरू बसलाय, रस्ता नाही, अशा खऱ्या कारणांनी किंमत कमी असेल तर ती कारणं दस्तात लिहा. अधिकाऱ्याला प्रकरण मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवायला सांगता येतं. साठेखत आणि खरेदीखत यांत अंतर पडणार असेल तर इसाराची रक्कम बँकेतून घ्या. म्हणजे साठेखताच्या तारखेचा रेडीरेकनर धरता येतो.

रोखीबद्दल: घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला. पाच लाख रोख घेतले तर दंडही पाच लाख. "सगळेच घेतात" हे सांगणारा दलाल तेव्हा शेजारी उभा नसतो.

पैसे तीन खात्यांत, तीन वेगळ्या चेकने किंवा आरटीजीएसने घ्या, आणि प्रत्येकाचा हिस्सा दस्तात लिहून घ्या. सगळी रक्कम दादाच्या खात्यात आणि मग घरात वाटप, ही पद्धत कटकटीची आहे. तीन वर्षांनी नोटीस आली की कोणता पैसा कसला हे सिद्ध करत बसावं लागतं.

व्यवहार ५० लाख किंवा त्याहून मोठा असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस, म्हणजे तुमच्या नावाने आगाऊ भरायचा कर, कापतो. प्रत्येक वारसाचा हिस्सा ५० लाखांच्या आत असला तरी आता पूर्ण व्यवहाराची रक्कम बघतात. त्याने हा टीडीएस प्रत्येक विकणाऱ्याच्या पॅनवर वेगळा भरायला हवा, ज्याला आपण २६क्यूबी म्हणत आलो त्या फॉर्मने. इथे घोळ हमखास आईच्या पॅनचा होतो. पॅन काढलेलंच नसतं, किंवा आधारशी जोडलेलं नसल्याने निष्क्रिय झालेलं असतं, आणि मग १ टक्क्याऐवजी २० टक्के कापावे लागतात. साठेखताच्या महिनाभर आधी पोर्टलवर जाऊन तिचं पॅन चालू आहे का ते बघा. आधारवरचं नाव आणि पॅनवरचं नाव यांत "बाई" आणि "ताई" एवढाच फरक असला तरी जोडणी अडते.

कर वाचवायचे दोन सरळ रस्ते

पहिला, कलम ५४: निवासी घर विकून निवासी घर घ्या. विक्रीच्या एक वर्ष आधीपासून दोन वर्षांनंतरपर्यंत खरेदी, किंवा तीन वर्षांत बांधकाम. गुंतवायचा आहे तो नफा, विक्रीची पूर्ण रक्कम नव्हे. तुमच्या नावावर आधीच दुसरं घर असलं तरी चालतं. घर भारतातच हवं आणि ते विकणाऱ्याच्याच नावावर घ्या. मुलाच्या नावाने घेतलेल्या घरावरून कोर्टकज्जे झालेले आहेत. नफा २ कोटींच्या आत असेल तर आयुष्यात एकदा दोन घरंही घेता येतात. नवं घर तीन वर्षांत विकलं की सवलत परत जाते. आहे त्याच फ्लॅटचं नूतनीकरण किंवा जुन्या गृहकर्जाची फेड याला खरेदी म्हणत नाहीत. बिल्डरकडे बुकिंग करत असाल तर ताबा कधी मिळणार ते कागदावर घ्या, कारण त्याचा उशीर तुमची मुदत खाऊ शकतो.

दुसरा, ५४ईसी चे रोखे. आरईसी, पीएफसी, आयआरएफसी या सरकारी कंपन्यांचे रोखे विक्रीपासून सहा महिन्यांत घ्यायचे. मर्यादा प्रत्येकी ५० लाख, पैसे पाच वर्षं अडकतात, व्याज ५.२५ टक्के आणि तेही करपात्र. व्याजासाठी हे कुणी घेत नाही. पण ज्या आईला नवं घर नकोच आहे, तिच्यासाठी हाच मार्ग सोयीचा. वर तिला १,३६,००० कर पडत होता. पाच वर्षं पैसे अडकवण्याइतका तो मोठा आहे का, हे तिच्या वयाकडे आणि औषधपाण्याच्या खर्चाकडे बघून ठरवा. कर भरून पैसे मोकळे ठेवणं हाही शहाणपणाचा निर्णय असू शकतो.

आपल्या उदाहरणात विक्रीची तारीख १५ नोव्हेंबर २०२५ धरली तर रोख्यांची मुदत १५ मे २०२६, घर खरेदीची १५ नोव्हेंबर २०२७, बांधकामाची १५ नोव्हेंबर २०२८. पण मधली एक तारीख सर्वांत जास्त लोक चुकवतात: रिटर्नची, नेहमीप्रमाणे ३१ जुलै २०२६. तोवर घर घेऊन झालं नसेल तर न गुंतवलेली रक्कम बँकेतल्या कॅपिटल गेन्स अकाउंट स्कीमच्या खात्यात भरावी लागते. साध्या बचत खात्यात किंवा मुदत ठेवीत ठेवलेला पैसा यात धरत नाहीत. खातं दोन प्रकारचं असतं: ए म्हणजे बचतीसारखं, बी म्हणजे मुदत ठेवीसारखं. छोट्या शाखेतल्या कर्मचाऱ्याला हे माहीत नसण्याची शक्यता आहे. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या मुख्य शाखेत जा, आणि शेवटच्या आठवड्यात जाऊ नका. काढलेली रक्कम ६० दिवसांत घरासाठीच वापरायची. मुदतीत न वापरलेल्या पैशांवर मग कर लागतो.

परदेशातला भाऊ असेल तर

दादा दुबईला किंवा न्यू जर्सीला असेल तर त्याच्या हिश्श्याचे नियम वेगळे. त्याला इंडेक्सेशनचा पर्याय नाही, १२.५ टक्केच. त्याचा टीडीएस १ टक्का नसतो. तो भांडवली नफ्याच्या पूर्ण दराने कापला जातो, आणि घाबरलेला खरेदीदार बहुधा नफ्यावर नव्हे तर पूर्ण रकमेवर कापतो. उपाय एकच: विक्रीपूर्वी आयकर अधिकाऱ्याकडून कमी दराने कपातीचं प्रमाणपत्र घेणं. त्याला आठवडे जातात, म्हणून इसार घेतल्याबरोबर अर्ज करा. पैसे त्याच्या एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या इथल्या रुपयांतल्या, खात्यात जमा करा. तिथून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, त्यासाठी सी.ए.चा दाखला लागतो. सहीसाठी येणं शक्य नसेल तर भारतीय दूतावासातून साक्षांकित करून आणलेलं कुलमुखत्यारपत्र इथे आल्यावर मुद्रांकित करून घ्या, नाहीतर दुय्यम निबंधकाच्या टेबलावर व्यवहार अडतो.

पैसे आल्यानंतर

कर रिटर्नच्या वेळी भरू म्हणून थांबलात तर व्याज लागतं. विक्रीनंतर येणाऱ्या आगाऊ कराच्या पुढच्या हप्त्यातच भरा. नोव्हेंबरमधल्या विक्रीसाठी तो १५ डिसेंबर आणि १५ मार्च. धंद्याचं उत्पन्न नसलेल्या साठीपुढच्या आईला मात्र आगाऊ कर नाही. रिटर्न आयटीआर-२ मध्ये, तिघांचं वेगवेगळं. भरण्याआधी प्रत्येकाचं २६एएस, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराचं विवरण, काढा आणि खरेदीदाराने टीडीएस बरोबर पॅनवर भरला का ते तपासा. तिघांचा मिळून दादाच्याच पॅनवर भरलेला असेल तर दुरुस्ती खरेदीदारालाच करावी लागते. म्हणून त्याचा फोन नंबर आणि इंडेक्स टू ची, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याची, प्रत, दोन्ही रिटर्न प्रोसेस होईपर्यंत हाताशी ठेवा.